दार बंद असतांना बागेचें काम



बाग म्हटली कीं मोकळी हवा, हाताला लागलेली माती आणि चार जणांची सोबत हीं आपल्या डोळ्यांपुढें येतात. ज्या गांवांत किंवा पेठेंत पांच-दहा घरें मिळून बागेचें मंडळ चालवितात, तेथें तर सोबत हाच निम्मा आनंद असतो. रविवारीं सकाळीं एकाच्या परसांत जमावें, दुसऱ्याच्या वाफ्यांतील तण काढावें, तिसऱ्याला रोपें द्यावीं, चहा घ्यावा आणि पुढच्या रविवारचें ठरवून घरोघर जावें, असा हा क्रम. या मंडळींना एकाएकीं कोणी सांगितलें कीं, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकूं नका, तर त्यांनीं काय करावें?

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. २५ मार्च २०२० पासून कोरोनाच्या सांथीमुळें सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली आणि हा प्रश्न असंख्य घरांपुढें एकाच दिवशीं उभा राहिला. ती टाळेबंदी उठली. प्रश्न मात्र उठला नाहीं. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे घरीं राहावें लागणारा गृहस्थ, संसर्गाच्या भीतीनें डॉक्टरांनीं वेगळें राहावयास सांगितलेली गृहिणी, गुडघ्यांनीं असहकार पुकारलेले आजोबा, यांच्यापुरतें दार केव्हां ना केव्हां बंद होतेंच. म्हणून या प्रश्नाचा विचार आतां, दारें उघडीं असतांना, स्वस्थपणें करून ठेवलेला बरा.

मी हा विचार दापोलीच्या अनुभवावरून मांडणार आहें. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० फूट उंचीवर वसलेली आहे. वर्षाकाठीं तेथें सुमारें साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोहि बहुतेक चार महिन्यांत. तेव्हां घरांत कोंडून राहणें कोंकणच्या माणसाला नवें नाहीं. मृगाच्या आधीं लाकूडफांटा, मीठ-मसाला, पापड, आमसुलें, सुकी मासळी असें सारें भरून ठेवण्याची जी रीत आहे, तिला आपण बेगमी म्हणतों. जी गृहिणी बेगमी करते ती पावसाला भीत नाहीं. मला आज सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, बागेलाहि अशी बेगमी लागते. आणि मंडळाच्या रोजच्या गडबडींत जी कधीं होत नाहीं, ती दार बंद असतांना उत्तम होऊं शकते.

२०२० सालीं दापोलींत काय झालें तें आठवा. टाळेबंदी आली ती मार्चच्या अखेरीस. आंबा पाडाला लागण्याचे ते दिवस. मागोमाग रातांबे पिकावयाचे, वालाच्या वाळलेल्या शेंगा झोडून झालेल्या असावयाच्या आणि मृगाच्या पेरणीसाठीं बियाण्याची पाखड सुरू व्हावयाची. मुंबईहून गांवीं आलेल्या चाकरमान्यांना चौदा दिवस वेगळें राहावें लागलें. कोणी शाळेंत राहिले, कोणी स्वतःच्याच घराच्या पडवींत. माणसें थांबलीं, पण ऋतु थांबला नाहीं. आणि ३ जून रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. त्याचा तडाखा दापोली आणि मंडणगड या तालुक्यांना फार जबर बसला. नारळी, पोफळी, आंबे, पिढ्यान् पिढ्या सांभाळलेलीं झाडें कांहीं तासांत आडवीं झालीं. ज्या दिवसांत रोपांची आणि बियाण्याची सर्वांत अधिक गरज पडली, त्याच्या आधींचे दोन महिने आपण सारे घरांत होतों.

येथें एक घरगुती गोष्ट सांगतों. आमच्या घरीं चिबडाचें एक जुनें वाण होतें. गणपतीच्या दिवसांत पडवींत ठेवलेला चिबूड ओटीवरच्या पाहुण्याला आपल्या वासानेंच वर्दी देत असे. दर वर्षीं चांगलेंसें एक फळ आजी बियांसाठीं वेलावरच राखून ठेवी, आणि आम्ही मुलांनीं त्याला हात लावला तर ओरडा ठरलेला असे. तिच्या मागें तें काम माझ्याकडे आलें. २०२० च्या मार्चमध्यें मी पुण्यास अडकलों होतों आणि बिया दापोलीच्या घरीं माळ्यावर कागदाच्या पुडींत होत्या. प्रवासाची वाट मोकळी झाल्यावर मी घरीं पोंचलों, तेव्हां कौलें उडालेलीं, माळ्यावर पाणी शिरलेलें आणि पुडीचा लगदा झालेला. पडलेल्या माडांकडे पाहून जितकें वाईट वाटलें, तितकेंच त्या लगद्याकडे पाहून वाटलें. माड नवा लावतां येतो. तें वाण कोणत्या दुकानांत मागावयाचें?

शेजारच्या काकूंना ही हकीकत सांगितली, तेव्हां त्या कांहीं न बोलतां आंत गेल्या आणि राखेनें भरलेला एक डबा घेऊन आल्या. “अरे, तुझ्या आजीनेंच दिलेल्या या. मी दर वर्षीं दोन आळीं लावतें,” असें म्हणून त्यांनीं राखेंतून मूठभर बिया काढून माझ्या हातावर ठेवल्या. आमच्या घराचें वाण शेजारच्या घरांत जिवंत होतें.

बागेचें मंडळ कशासाठीं असतें, हें मला त्या दिवशीं नीट कळलें. एकत्र जमून खुरपणी करणें हें त्याचें बाह्य रूप आहे. एका घरावर आपत्ति आली तरी दुसऱ्या घरांत तीच वस्तु सुरक्षित असावी, हें त्याचें खरें प्रयोजन. आणि हें प्रयोजन साधण्यासाठीं रोज भेटण्याची गरज नसते. घरीं राहूनच जीं करतां येतात अशीं तीन कामें मी आपल्यापुढें ठेवतों.

पहिलें काम बियाण्याचें. दापोलीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. तेथून कोंकणच्या हवेला मानवणाऱ्या भाज्यांच्या सुधारलेल्या जाति बाहेर पडल्या आहेत: पडवळाची कोंकण श्वेता, कारल्याची कोंकण तारा, दोडक्याची कोंकण हरिता. त्या अवश्य लावाव्या. परंतु घराघरांतील जुनीं वाणें कोणत्याहि यादींत नसतात. तीं केवळ कोणीतरी दर दोन-तीन वर्षांनीं लावतो म्हणून टिकतात. पुढें बियांतील जीव मंदावतो, आणि एखाद्या पिढीचा कंटाळा वाण संपविण्यास पुरेसा होतो.

तेव्हां घरीं बसलेल्या माणसानें प्रथम आपले डबे, बाटल्या आणि पुड्या खालीं काढाव्या. प्रत्येकीवर वाणाचें नांव, तें कोणाकडून आलें आणि कोणत्या वर्षींचें आहे, हें लिहावें. मग उगवण तपासावी. ओल्या फडक्यावर दहा बिया मांडून फडकें गुंडाळावें, तें रोज ओलसर राखावें, मात्र चिंब भिजवूं नये, आणि आठवड्यानें उलगडून पाहावें. आठ-नऊ बिया मोडल्या असतील तर बियाणें उत्तम. पांचच मोडल्या तर पेरतांना दुप्पट टाकावें. दोनच मोडल्या तर तें वाण धोक्यांत आहे असें समजून त्याच वर्षीं सर्व बिया लावाव्या आणि नवें बियाणें धरावें. या परीक्षेला एक ताटली आणि एक खिडकी पुरते. पुण्यामुंबईच्या चौथ्या मजल्यावर राहणारा सभासदहि ती करूं शकतो, आणि मंडळाच्या सर्व बियाण्याची तपासणी एकट्याकडे घेऊं शकतो.

बियाणें धरण्याची रीतहि थोडक्यांत सांगतों. दोडकें, पडवळ यांचें निरोगी वेलावरचें चांगलें फळ दोरा बांधून राखावें, म्हणजे घरांतील कोणी चुकून तोडीत नाहीं. दोडकें तर वेलावरच वाळून आंत बिया खुळखुळूं लागेपर्यंत तसेंच राहूं द्यावें. काकडी व चिबूड यांच्या पिकलेल्या फळांतील बिया गरासह पाण्यांत एक दिवस ठेवून चोळून धुवाव्या. तरंगतील त्या टाकाव्या, तळाशीं बसतील त्या घ्याव्या, आणि कोंवळ्या उन्हांत फडक्यावर वाळवाव्या. जुन्या घरांतून काकडीच्या बिया राखेंत घोळवून भिंतीला थापून ठेवीत. राख ओल शोषून घेते आणि किडीला दूर ठेवते. वालाला किंचित् एरंडेलाचा हात लावला तर भुंगा लागत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एकाच जातीच्या वेलाचीं दोन वाणें शेजारीं लावलीं, तर मधमाशा त्यांचा संकर करून टाकतात आणि पुढच्या वर्षीं ओळखूं न येणारें फळ मिळतें. म्हणून मंडळानें वाणें वांटून घ्यावीं: एका घरानें पांढरें पडवळ धरावें, दुसऱ्यानें पट्ट्यापट्ट्यांचें. येथें घरें एकमेकांपासून दूर असणें ही अडचण नसून सोयच आहे. काकडी आणि चिबूड यांचा मात्र आपसांत संकर होत नाहीं; तीं एका परसांत सुखानें नांदतात.

दुसरें काम रोपांचें. येथें काळाचा हिशेब फार कठोर असतो. आंब्याची कोय वाळवून ठेवतां येत नाहीं; महिनाभरांत तिचा जीव जातो. फणसाच्या आठळीचेंहि तसेंच. म्हणून घरांत आंबे खाल्ले जात असतांनाच चांगल्या रायवळ आंब्यांच्या कोयी निवडून परसांतील वाळूमिश्रित वाफ्यांत किंवा पिशव्यांत लावाव्या. दोन-तीन आठवड्यांत तांबूस, लुसलुशीत कोंब वर येतो. तो तसा कोंवळा असतांनाच मधोमध छाटावा, खालच्या भागाला उभी चीर द्यावी, हापूसच्या तितक्याच जाडीच्या फांदीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेंत बसवावी आणि घट्ट बांधावी. यालाच कोय कलम म्हणतात. ज्याच्या दारांत एक हापूस आहे त्याला या कामासाठीं कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं. पहिलीं दहा बांधाल त्यांतलीं निम्मीं कदाचित् मरतील. त्याची लाज बाळगूं नये. पुढच्या दहांत हात बसतो.

रातांब्याची गोष्ट निराळी आहे. त्याचीं नर झाडें वेगळीं आणि मादी झाडें वेगळीं. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारें निम्मीं नर निघतात, आणि तें कळावयास सहा-सात वर्षें वाट पाहावी लागते. म्हणून रातांब्याचेंहि चांगल्या मादी झाडाची काडी घेऊन कलम करावें. नारळासाठीं ज्याचें वय वीस वर्षांवर आहे आणि जो दर वर्षीं नेमानें धरतो, असा बाणवली माड हेरून त्याचे पूर्ण पिकलेले नारळ पावसाच्या तोंडीं वाफ्यांत लावावे. तीन-चार महिन्यांत कोंब दिसूं लागतो आणि पुढच्या वर्षीं रोप लावणीला येतें.

आतां हिशेब करा. हापूसचें कलम फळाला येण्यास पांच-सहा वर्षें, बाणवली माड सहा ते आठ वर्षें. वादळानें झाड पाडलें तर पैसे मिळतील, मजूर मिळतील, पण हीं वर्षें बाजारांत मिळत नाहींत. टाळेबंदीच्या दोन महिन्यांत परसांत ज्यानें वीस कोयी लावून ठेवल्या, त्यानें वादळानंतर शेजाऱ्याला द्यावयाचें एक वर्ष आधींच वाचवून ठेवलें.

तिसरें काम नोंदीचें. हें सर्वांत हलकें आणि सर्वांत दुर्लक्षित. इंग्लंडांत नॉरफोक परगण्यांत रॉबर्ट मार्शम नांवाचे एक गृहस्थ होते. त्यांनीं १७३६ सालीं आपल्या घराभोंवतालच्या वसंताच्या खुणा टिपण्यास आरंभ केला: पहिलें फूल केव्हां उमललें, अमुक झाडाला पालवी केव्हां फुटली, कोकिळेसारखा पक्षी प्रथम केव्हां बोलला. त्यांच्या वंशजांनीं ही वही १९५८ पर्यंत चालविली. जपानांत क्योटो शहरच्या चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासून सांपडतात. हवामान कसें बदलत आलें हें जाणण्यासाठीं आज जगांतील शास्त्रज्ञ अशा नोंदींचा आधार घेतात. लिहिणाऱ्यांना त्याची कल्पनाहि नव्हती. ते आपल्या दारांतलें पाहात होते आणि लिहीत होते. आपल्या देशांतहि सीझनवॉच नांवाचा उपक्रम चालतो. त्यांत भाग घेणारा एक झाड निवडतो आणि दर आठवड्याला त्याचीं पानें, फुलें, फळें पाहून नोंद करतो. एवढें करण्यास खिडकींतून दिसणारें एक झाड पुरे.

कोंकणांत तर काय काय टिपण्यासारखें आहे! हापूसला पहिला मोहोर कोणत्या दिवशीं आला, पालवीच आली कीं मोहोर आला, मोहोरावर धुकें किती दिवस पडलें, काजू केव्हां फुलला, बहावा केव्हां पिवळा झाला, पहिला रातांबा केव्हां पिकला, मृगाचा पाऊस खरोखर कोणत्या तारखेस आला. ज्यांना वाकतां येत नाहीं, उचलतां येत नाहीं, अशा वृद्ध सभासदांकडे हें काम सोंपवावें. त्यांच्या नोंदीला आणखी एक मोल आहे: गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या त्यांच्या आठवणी. कोणत्या घरीं कोणतें वाण होतें, कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असे, हें त्यांना ठाऊक असतें आणि कोठेंहि लिहिलेलें नसतें. नातवंडांनीं विचारावें आणि वहींत उतरून घ्यावें. एकाच कामांत घरांतील दोन टोकांच्या पिढ्या गुंतून जातात, आणि कोंडलेल्या घरांत याहून चांगली करमणूक मला सुचत नाहीं.

आतां हीं कामें एकट्याचीं राहूं नयेत यासाठीं काय करावें? माझी सूचना साधी आहे. मंडळाचा जो वार आणि जी वेळ ठरलेली आहे, ती मोडूं नये. रविवारीं आठ वाजतां भेटत असाल तर रविवारीं आठ वाजतांच दूरध्वनीवर एकत्र यावें. प्रत्येकानें तीन गोष्टी सांगाव्या: या आठवड्यांत काय पेरलें, काय उगवलें आणि काय मेलें. तिसरी गोष्ट विशेष आग्रहानें विचारावी. कारण यशाची बातमी आपण होऊन येते, अपयशाची आणावी लागते, आणि शिकवण तींत असते. ज्याचा आवाज दोन रविवार ऐकूं आला नाहीं, त्याची चौकशी त्याच दिवशीं करावी. एकट्या राहणाऱ्या माणसाला ‘तुमच्या कारल्याचें काय झालें?’ असें विचारणारा कोणी आहे, हें औषधाइतकें उपयोगी पडतें.

बियांची देवघेव भेटीवांचून होऊं शकते. कागदाची पुडी करून गडग्यावर किंवा बेड्याशीं ठेवावी, हांक मारून दूर व्हावें, आणि दुसऱ्यानें मागाहून उचलावी. ज्याच्या घरांत आजारी माणूस आहे त्यानें त्या दिवसांत केवळ घ्यावें, द्यावयाचें पुढें ढकलावें. सार्वजनिक जागेंतील झाडांचें पाणी ही खरी चिंता असते. ज्याचें घर अगदीं जवळ आहे आणि ज्याला जाण्यास मनाई नाहीं, त्याच्याकडे तें सोंपवावें. पण टाळेबंदीसारख्या प्रसंगीं तेंहि अशक्य होतें. म्हणून उन्हाळ्याच्या आरंभींच प्रत्येक लहान झाडाच्या आळ्यांत वीतभर पालापाचोळा पसरावा, आणि शेजारीं तळाला भोंक पाडून त्यांत कापडाची वात बसविलेलें एक मडकें गळ्यापर्यंत पुरून ठेवावें. भरून झांकलेल्या मडक्यांतून पाणी हळूहळू मुळांशीं झिरपतें, आणि रोजची फेरी कांहीं दिवसांनीं केली तरी चालते.

एक इशाराहि देतों. उत्साही माणूस घरांत अडकला कीं कुंड्या इकडच्या तिकडे हलवूं लागतो आणि कंबर धरून बसतो. अंगांत ताप असतांना बागकाम करूं नये. त्या दिवसांत खिडकीपाशीं बसून वही लिहावी. बरें वाटूं लागल्यावर सकाळीं अर्धा तास आणि संध्याकाळीं अर्धा तास, एवढेंच काम ठेवावें. पाणी मोठ्या बादलीनें न घालतां तांब्यानें घालावें. फेऱ्या अधिक होतात आणि पायांना आपोआप चाल मिळते.

माझी वेळ संपत आली. शेवटीं पुन्हां त्या चिबडाकडे येतों. काकूंनीं दिलेल्या बियांपैकीं निम्म्या मीं लावल्या. वेल धरले, आणि पहिलें चांगलें फळ दोरा बांधून राखलें. त्याच्या बियांच्या मीं तीन पुड्या केल्या. एक घरीं राखेंत ठेवली, एक पुण्याच्या घरीं ठेवली, आणि तिसरी घेऊन काकूंकडे गेलों. त्या म्हणाल्या, “माझ्याकडे आहेत कीं रे!” मी म्हटलें, “असूं द्या. तुमचेंहि छप्पर कौलारूच आहे.” त्या हंसल्या आणि पुडी त्यांनीं डब्यांत ठेवून दिली.

आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं असें एखादें वाण असेल, एखादें झाड असेल, निदान एखादी आठवण असेल. दारें उघडीं आहेत तोंवर त्याची एक पुडी शेजारीं देऊन ठेवा. पुढें दार बंद झालेंच, तर तें बंद दाराआड वाढत राहील; आणि दार उघडेल त्या दिवशीं आपण रिकाम्या हातांनीं एकमेकांना भेटणार नाहीं.